बिननावाचं चित्र

उरण,
५ ऑक्टोबर २०२४

चि. कमळाकर यास ताईचा आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण आमचं घर केवढं ते तुला ठाऊक आहे. ह्यांची खाट मधल्या खोलीत आणि ऑगस्टमध्ये खुबा मोडल्यापासून ह्यांना दुसरं कामच उरलेलं नाही. मी स्वयंपाकघरात कुणाशी काय कुजबुजले तेही कान लावून ऐकतात. फोनवर टाइप करायचं मला जमत नाही, आलेलं पुढे पाठवायचं तेवढं येतं. म्हणून हे पत्र शिवाच्या हाती देते. त्याचा ट्रेलर रोज बंदरातून कळंबोलीच्या लोखंड बाजारात येतो, तुझी रोडपाली त्याच्या वाटेवरच. शिवा ह्यांचा चुलतभाऊ असला तरी तोंडाचा घट्ट आहे.

केतनला घर सोडून सहा वर्षं झाली. बंदरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तिथली एक नोकरी मिळावी म्हणून ह्यांनी चौदा वर्षं फायली वाहिल्या, आणि पोरानं ती तीन महिन्यांत सोडली. का, तर चित्रं काढायची. तेव्हा हे भर अंगणात म्हणाले होते, "आजपासून त्याचा येक सबद माज्या घरात येवाचा नाय." तू होतास ना तिथं? पोरगा त्याच बापाचा. त्यानं ते वाक्य तंतोतंत पाळलं. सुरतेहून सहा वर्षांत त्यानं मला एकदाही फोन केला नाही, एक अक्षर लिहिलं नाही. सणावारी एक हलतं चित्र तेवढं पाठवतो. घट, दिवे, पतंग, होळी. तोच त्याचा धंदा आहे आता, लोकांच्या सणांची आणि लग्नांची अशी चित्रं करून देतो म्हणे. त्यात एक अक्षर नसतं. एक्केचाळीस चित्रं झाली. मी न्हाणीघरात जाऊन बघते.

कमळाकर, मी थकले रे. ह्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं, आणि पोराचं नाव काढायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे तुझं केबलचं चॅनेल रोज संध्याकाळी लावतात, भरती-ओहोटीच्या वेळा बघायला. खाडीवर जायचं नाही, जाळं उचलायचं नाही, पण वेळ चुकवायची नाही. त्या वेळी तुझ्या चॅनेलवर केतनची चित्रं लागली तर? कुणाची ते सांगायचंच नाही. पोराच्या हातचं काहीतरी ह्यांच्या डोळ्यांखालून जाईल, एवढंच. घटाचं चित्र तुझ्या फोनवर पुढे पाठवलंय.

तुझी ताई,
सुमती


रोडपाली,
९ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. फोन केला नाहीस ते बरंच केलंस, हल्ली मला फोनवर बोलायचा कंटाळा येतो.

तुझं काम वाटतं तितकं सोपं नाही, पण केलंय. आमचा चॅनेल चालवणारा कंप्युटर पंधरा वर्षांचा म्हातारा आहे आणि म्हाताऱ्यांसारखाच हट्टी. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला कार्यक्रम असेल तरच तो तोंडात घेतो, डब्ल्यूटीव्ही म्हणतात त्या फॉरमॅटला. केतनचं चित्र म्हणजे जिफ. ते इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर चढवायचं, खालच्या यादीतून डब्ल्यूटीव्ही निवडायचं, मग एक गोल फिरत राहतो. तो फिरेपर्यंत गुडघ्याच्या तेलाच्या आणि प्लॉटच्या जाहिराती बघायच्या. दिवसाला पाच फायली, सहावी मागितली की पैसे टाक म्हणते. आणि फोनवर ते चित्र थांबत नाही, इथं मात्र तीन सेकंदांत संपतं. म्हणून त्याच्या दहा प्रती काढून एकापुढे एक जोडल्या. अर्ध्या मिनिटासाठी अख्खी दुपार गेली.

तरी करेन. दुसरं काय करतोय मी? एके काळी चार हजार घरं होती माझ्याकडे, आता सहाशेही नाहीत. पोरं फोनवर बघतात, सुना फोनवर बघतात. भावोजींसारखे खाटेवरचे तेवढे आमचे राहिलेत. उद्यापासून दसऱ्यापर्यंत, संध्याकाळी सातला, सणाच्या शुभेच्छांमध्ये लागेल. मागे आरतीची धून असते.

तुझा,
कमळाकर


उरण,
२० ऑक्टोबर २०२४

चि. कमळाकर यास आशीर्वाद.

लागलं! तिन्ही दिवस लागलं. पहिल्या दिवशी ह्यांनी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मला हाक मारली, "आगो, ही ज्योत बघ. वारा लागल्यासारी हालते. कोनी केलाय, चांगला काम हाय." मी म्हटलं असेल कुणीतरी पनवेलचा. आत गेले आणि कणकेच्या परातीपुढे बसून रडले. सहा वर्षांत पोराला पहिल्यांदा बापानं चांगलं म्हटलं, आणि ते पोराला सांगायची सोय नाही.

काल तर मला विचारत होते की ते घटवालं आता लागायचं बंद का झालं. दिवाळीची पाठवतेय. मागच्या पाच वर्षांतली सगळी घे. पणती आहे, आकाशकंदील आहे, एक किल्ला आहे मातीचा. तो किल्ला आपल्या अंगणातलाच आहे, तुळशीशेजारचा. त्यावरचा मावळा डोकं हलवतो.

रात्री कूस बदलायला मला दोनदा उठावं लागतं, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय.

सुमती


रोडपाली,
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार.

दिवाळीची सहाही चित्रं पाच दिवस लावली. साइटनं मधेच रूप बदललं, बटणं इकडची तिकडे गेली, अर्धा दिवस शोधण्यात गेला. शेवटी शेजारच्या ब्लॉकमधल्या नीताताईंना बोलावलं, त्यांनी चष्मा वर करून दोन मिनिटांत शोधून दिलं. मी चाळीस वर्षं वायरी ओढतोय, आणि बटण सापडेना.

ताई, एक विचारू? भावोजींना खरं सांगून का टाकत नाहीस? त्यांनी त्या मावळ्याकडे बघून काय म्हटलं ते तू लिहिलंच नाहीस.

एक सांगायचं राहिलं. डिसेंबरअखेर चॅनेल बंद करतोय. कुणाला सांगू नकोस. आता होत नाही. तोवर काय लावायचं ते लावून घेऊ.

कमळाकर


उरण,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. कमळाकर यास,

मावळ्याकडे बघून हे काहीच म्हणाले नाहीत. तोंड भिंतीकडे करून झोपले. ओळखलं असेल का? मला विचारायचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, म्हणून मी बोलत नाही.

आता नीट वाच. परवा केतनचं नवं चित्र आलं. ह्या वेळी त्यात दिवे नाहीत, तोच आहे. कमळाकर, माझ्या पोराचं लग्न झालं! गळ्यात झेंडूचा हार, पुढे समई, आणि हसतोय. शेजारी मुलगी आहे, तिच्याही गळ्यात हार. खाली अक्षर नाही, नेहमीप्रमाणे. मी शिवाला दाखवलं, त्याच्या ओळखीचा कुणी भावेश म्हणून सुरतेला गाड्या नेतो, त्याच्याकडून कळलं. मुलीचं नाव हेतल. पंधरा तारखेला लग्न झालं. आईला बोलवायचं म्हणजे शब्द वापरायला हवा, म्हणून बोलावलं नाही.

मला राग आला, रडूही आलं, आणि मग वाटलं, बापाला एकदा पोराचं तोंड दिसू दे. सहा वर्षांत कसं झालंय ते बघू दे. एकदाच लाव. फक्त नाव टाकू नकोस. नाव दिसलं की हे रिमोट घेतील आणि बंद करतील. नुसतं चित्र असलं की माणूस ओळखायच्या आधी डोळे बघतातच.

सुमती


रोडपाली,
२२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप ताईस,

अभिनंदन! मामा झालो होतो त्याचा आता मामेसासरा झालो. केतन छान दिसतो. कान थेट भावोजींचे.

चित्र तयार केलंय. सणाच्या शुभेच्छा दिवाळीनंतर बंद झाल्या, म्हणून सातची जागा नाही. साडेसातला बसवलंय, भरती-ओहोटीच्या पाठोपाठ, म्हणजे भावोजी नक्की समोर असतील. केतनचं चित्र आडवं लांब होतं आणि आपला पडदा जुना, चौकोनी. साइटनं दोन्ही कडा छाटल्या, त्यात सूनबाई गेल्या, त्यांचा खांदा तेवढा राहिला होता. बरं दिसेना म्हणून तो मीच काढला. आता केतन अगदी मधोमध आहे, हार, समई आणि तो. नाव नाही. सोमवारी बघा.

कमळाकर


रोडपाली,
२९ नोव्हेंबर २०२४

ताई,

सोमवारी लागलं का? भावोजी काय म्हणाले? शिवा तीन दिवस आला नाही. काल आला, पण गाडीतून उतरला नाही. मला बघून खिडकीतूनच हात जोडले आणि निघून गेला. सोमवारी रात्री ऑफिसातल्या फोनचा दिवा सारखा लागत होता. मी थकलो होतो, उचलला नाही. काही चुकलं का? दोन ओळी तरी लिही.

कमळाकर


उरण,
३ डिसेंबर २०२४

कमळाकर,

लिहायला हात उठत नव्हता, आता लिहिते.

सोमवारी भरतीची वेळ संपली. मग पडदा काळा झाला आणि बासरी सुरू झाली. ती बासरी कधी लागते ते उरण-पनवेलात कुणाला सांगावं लागतं का? 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या मागे वीस वर्षं हीच बासरी ऐकतोय आम्ही. आणि बासरीवर माझा केतन आला. गळ्यात हार, पुढे समई. नाव नाही, गाव नाही, शेजारी कुणी नाही. हसत होता. दहादा हसला.

मी पोळपाट टाकून धावले. खुबा मोडलेला माणूस, कमळाकर, तीन महिने पाय न हलवलेला. ह्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टाकले आणि टीव्हीकडे जायला निघाले. दुसऱ्या पावलाला पडले. जमिनीवर पडून म्हणत होते, "माजा पोर गेला. आगो, माजा केतन गेला." मी ओरडत होते, "अवो, जिता हाय तो! लगीन झालाय त्याचा!" ते म्हणाले, "मना बरा वाटावा म्हनून खोटा बोलतंस."

तोवर माणसं जमली. अर्ध्या गल्लीनं बघितलं होतं. बायका आल्या त्या सरळ माझ्या गळ्यात पडल्या. शेजारची कमळाबाई तर पदर तोंडाला लावूनच आत आली. मी जितकं सांगावं, हे लग्नाचं चित्र आहे, तितकं त्या एकमेकींकडे बघत, हिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. अर्ध्या तासात भाकरी आणि पिठलं आलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी करून आणलं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या जित्या पोराच्या सुतकाची भाकरी.

मी केतनला फोन लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला, आणि एक चित्र पाठवलं. दोघं हात जोडून उभी. मी ते ह्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ह्यांनी काय म्हणावं? "चितार हालतो म्हनून मानूस जिता नसतो गो. मानूस मेला तरी चितार हालत ऱ्हातो." मग माझा हात धरला आणि म्हणाले, "त्याला बोलाया सांग. येक सबद बोलाया सांग."

तिसऱ्यांदा फोन लावला. ह्या वेळी उचलला, पण आवाज नाही. मी ओरडले, "केतन, बोल रं! बाबांनी सांगितलाय, बोल!" नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "बाबा." सहा वर्षांनी पोरगा बापाला म्हणाला, "बाबा, जेवलाव काय?"

हे म्हणाले, "नाय अजून." आणि फोन माझ्या हातात दिला.

मग बायका उठल्या. भाकरीची टोपली कुणी उचलेना. सुतकाच्या घरासाठी केलेलं परत घरी नेत नाहीत. हे जमिनीवरूनच म्हणाले, "वाढा सगल्यांना इथंच. पोराच्या लग्नाचा जेवन आपुन दिलाच नाय." आणि माणसं बसली, कमळाकर. दुखवट्याला आलेली माणसं आमच्या घरी लग्नाचं पिठलं-भाकरी जेवून गेली.

खुबा पुन्हा हलला. डॉक्टर म्हणतात आणखी दोन महिने खाट. मी तुझ्यावर रागावले होते, आठ दिवस. आता नाही. नाव टाकू नकोस हे मीच सांगितलं होतं. पण बासरी का लावलीस रे?

सुमती


रोडपाली,
७ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र तीनदा वाचलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारखं हे नाही.

बासरी मी लावली नाही. साडेसातच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, जागेत बिनआवाजाची फाइल आली की कंप्युटर आपोआप बासरी लावतो. दहा वर्षांपूर्वी ती सोय मीच करून ठेवली होती, रोज हातानं लावायला नको म्हणून. जिफला आवाज नसतो. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी आठवलं नाही. वर्षभरात श्रद्धांजल्याही इतक्या कमी झाल्यात, लोक त्याही आता फोनवरच टाकतात. त्या दिवशी एकही नव्हती. मला जागा रिकामी दिसली.

पण लावायच्या आधी मी ते तीनदा चालवून बघितलं होतं, ताई. तीनदा बासरी वाजली असणार. मला ऐकू आली नाही.

हे आजवर कुणाला बोललो नाही. दीड वर्ष झालं. आधी डावा कान गेला, आता उजवाही. फोनचा कंटाळा येतो म्हणून लिहिलं ते खोटं होतं. ऑफिसात फोन वाजतो तेव्हा मला त्याचा दिवा दिसतो. चॅनेल बंद करतोय तेही गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नाही. आवाज ऐकू न येणाऱ्या माणसानं लोकांना आवाज ऐकवायचा, हे आता होत नाही. तुला आधीच सांगितलं असतं तर तू नीताताईंना एकदा ऐकून घ्यायला सांगितलं असतंस. एवढंच करायचं होतं. माझी लाज राखायला मी भावोजींना मुलगा मारून दाखवला.

बंद करण्याआधी एक खुलासा लावतो. केतन जिवंत आहे, सुखरूप आहे, चूक आमची. पाच दिवस लावीन. भावोजींना माझ्यातर्फे सांग. समोर यायचं माझ्यात बळ नाही.

कमळाकर


उरन
१५ डिसेंबर २०२४

कमळाकर,

सुमतीला न सांगता लिवतोय. ती बाजारात गेलीय. माजा अक्षर तुला म्हाईत हाय, समजून घे. लिवायची सवय मोडलीय, फायलींचे अर्ज लिवले त्यानंतर काय लिवला नाय.

तुजा कागद सुमतीनं वाचून दाखवला. तुजा खुलासा लावू नको. मेल्याची बातमी उठली की मानसाचा आयुष्य वाढतं, जुनी मानसां सांगतात. पोराचा वाढू दे. तो हारवाला चितार तेवढा पुसून टाक. दिवे ठेव. तो किल्ला पन ठेव. मी तेवाच वलखला होता, माज्याच अंगनातला हाय. पन बोललो नाय.

तू लिवलास की तू मना पोर मारून दाखवलास. मी तुला सांगतो काय जाला ता. फोन लागेपर्यंत अर्धा-पाऊन तास माजा पोर मेला होता. तेवड्या येळात मना ती बंदराची नोकरी येकदा पन आठवली नाय. चौदा वर्सा ज्याच्यापायी चपला झिजवल्या ती. काय आठवला म्हायताय? ल्हान असताना त्याला ताप आला की तो मना शेजारी झोपवायचा, आईला नाय. ता आठवला. दुसरा कायच नाय. मंग मी सा वर्सा कशाला धरून बसलो होतो, ता मना अजून समजत नाय.

येत्या रविवारी, बावीस तारखेला, तो येतोय. बायकोला घेऊन. त्यानं सुमतीला फोनवर सांगितला, मी मागं पडून ऐकत होतो. तवापासून मना झोप नाय. तो दारात आला की मी पयला काय बोलायचा? "ये" म्हनू? का "आलास" म्हनू? त्यो इचारल बाबा बरा हाय काय, मंग? मी रोज पडल्यापडल्या बोलून बघतोय, येक सबद पन भायेर येत नाय. सुमतीला इचारता येत नाय, ती रडेल.

तू रविवारी ये. शिवाच्या गाडीत बसून ये, मी त्याला सांगितलाय. समोर यायचा बल नाय असा लिवू नको, मी पन तसाच हाय. माज्या खाटेच्या बाजूला बस. तुला ऐकाया येत नाय तर तू माज्या तोंडाकडं बघ, माजे ओठ हालले नायत तर मना ढोस.

तुजा भावोजी,
बळीराम